हातगाडीचे पाणी

आपल्याकडे काही विधी पंचांगात लिहिलेले नसतात, तरी ते दरवर्षी नेमाने पार पडतात. मृगाचा पहिला पाऊस पडून गटारे वाहू लागली की कोठे तरी दहा-वीस माणसांस उलट्या-जुलाब होतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत ‘विषबाधा’ हा शब्द येतो. तिसऱ्या दिवशी नगरसंस्थेचे पथक निघते, पाच-पन्नास हातगाड्या उचलून नेते, चटणीची पातेली गटारात पालथी करते आणि त्या पराक्रमाची छायाचित्रे काढवून घेते. आठवा दिवस उजाडतो, तो त्याच गाड्या त्याच कोपऱ्यावर उभ्या! विधी यथासांग झाला, देवता संतुष्ट झाली. आता पुढील मृगापर्यंत कोणास चिंता करण्याचे कारण उरले नाही.

खान्देशास हा प्रकार नवा नाही. २०२४ च्या जून महिन्यात जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, कमळगावच्या आठवडे बाजारात पाणीपुरी खाल्लेली सुमारे ८० माणसे आजारी पडली. त्यांत लहान मुलांचा भरणा मोठा होता, व बाजारास आलेल्या आसपासच्या खेड्यांतील माणसेही होती. अडावद, चोपडा येथील दवाखान्यांत त्यांस न्यावे लागले. अशा प्रसंगी जी चर्चा कानी पडते तिचा एक ठराविक साचा असतो. ‘गाडीवाला कोण होता, कोठचा होता?’ हा प्रश्न सर्वांच्या तोंडी असतो. ‘पाणी कोठचे होते, ते कोणी तपासले होते?’ हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आणि विचारलाच, तर त्याचे उत्तर मिळण्यापूर्वी चर्चा संपलेली असते.

ह्या दुसऱ्या प्रश्नाची बाजू मांडण्यासाठी हा लेख लिहिला आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, रस्त्यावरचे अन्न दूषित होते ह्याचा मुख्य दोष गाडीवाल्याच्या अंगी नाही. ज्या गावाने त्यास पाणी न देता अन्न विकू दिले, त्या गावाकडे तो जातो. गाडीपाशी शुद्ध पाण्याचा नळ, सांडपाण्याची मोरी आणि जवळपास शौचालय ह्या तीन गोष्टी येत नाहीत, तोवर परवाने, पथके आणि स्वच्छतेवरची प्रवचने हा केवळ देखावा होय.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. जळगावात फुले मार्केटाच्या परिसरात किंवा धुळ्यात आग्रा रोडवर एखाद्या सायंकाळी उभे राहावे आणि काय काय विकले जाते ते नुसते पाहावे. भजी, वडे, कचोरी, पाणीपुरी, भेळ, उसाचा रस, लस्सी, बर्फाचा गोळा. थंडीच्या दिवसांत वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा. आरोग्याच्या दृष्टीने ह्या सर्वांचे दोनच वर्ग पडतात. जे अग्नीतून आत्ताच बाहेर आले ते एका वर्गात. आणि ज्यास अग्नी शिवलाच नाही, अथवा शिवून बराच काळ लोटला, ते दुसऱ्या वर्गात. कढईतील तेल १७०-१८० अंशांपर्यंत तापते. त्यातून नुकत्याच निघालेल्या भज्यापासून पोटास जडपणा येईल, परंतु पटकी किंवा विषमज्वर होण्याचे भय फारसे नाही. भय आहे ते भज्याबरोबर येणाऱ्या चटणीचे, वर भुरभुरलेल्या कोथिंबिरीचे, दुपारी चिरून ठेवलेल्या कांद्याचे, सकाळी उकडलेल्या बटाट्याचे, रसात टाकलेल्या बर्फाचे. आणि ह्या सर्वांहून अधिक, मडक्यातील पाण्याचे व बशा विसळण्याच्या बादलीचे.

ह्या दुसऱ्या वर्गातील पदार्थांत जंतू येतात ते तीन वाटांनी. एक वाट विष्ठेची. ई-कोलाय नावाचा जंतू मनुष्याच्या व जनावरांच्या आतड्यांत राहतो. त्याच्या पुष्कळशा जाती निरुपद्रवी असल्या, तरी अन्नात वा पाण्यात तो सापडला म्हणजे तेथे विष्ठेचा अंश पोहोचला आहे हे ठरलेच. आणि जेथे तो पोहोचला तेथे विषमज्वराचे, हगवणीचे व काविळीचे बीज पोहोचण्यास काय हरकत? दुसरी वाट हाताची. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू निरोगी माणसाच्या नाकात व कातडीवरही वास करितो, बोटाच्या पिकलेल्या जखमेत तर तो विपुल असतो. तो अन्नात वाढू लागला म्हणजे जे विष निर्माण करितो ते उकळल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून ‘पुन्हा गरम करून दिले’ ही सबब येथे चालत नाही. तिसरी वाट धुळीची व माशीची. ती सर्वांस दिसते, म्हणून तिच्याविषयी सर्वजण बोलतात. पहिल्या दोन वाटा दिसत नाहीत, आणि पाण्यावाचून त्या बंद करता येत नाहीत, म्हणून त्यांजविषयी मौन!

जंतू येणे ही अर्धी गोष्ट झाली. त्यांचे वाढणे ही उरलेली अर्धी. ५ ते ६० अंश ह्या टप्प्यातील उष्णमानात अन्न ठेवू नये, असे आरोग्यशास्त्र सांगते, कारण तेवढ्या अवकाशात जंतूंची संख्या झपाट्याने वाढते. ओलावा व ऊब मनाजोगी मिळाली तर त्यांतील कित्येक दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. दुपारी बारा वाजता उकडलेल्या बटाट्यावर अशा जातीचा एक जंतू बसला, तर सायंकाळी सहा वाजता त्याचे कुटुंब २,६२,१४४ झालेले असते. जेथे वैशाखात पारा ४५ अंशांवर चढतो आणि सूर्य मावळल्यावरही भिंती तापलेल्या राहतात, त्या आमच्या खान्देशात तर ह्या वाढीस उबवणीची पेटीच मिळाली म्हणावयाची. चिंचेच्या आंबटपणाने काही जंतूंस आळा बसतो हे खरे. परंतु आंबट पाण्यात हात धुतले म्हणून हात स्वच्छ होत नाहीत, आणि दूषित पाण्यात चिंच कोळली म्हणून ते पाणी शुद्ध होत नाही.

आता त्या पाण्याचाच विचार करू. जळगाव शहर वाघूर धरणाचे पाणी पिते. धुळ्यास तापीचे, नकाण्याच्या व डेडरगावच्या तलावांचे पाणी येते. धरण दूषित असते असे आमचे म्हणणे नाही. धरणातून निघालेले पाणी गाळले जाते, त्यात क्लोरीन घातले जाते. तेथपर्यंत सर्व ठीक असते. दोष पुढे शिरतो. ह्या दोन्ही शहरांत रोज व अखंड पाणी ही गोष्ट नागरिकांनी फारशी अनुभविलेली नाही. एक-दोन दिवसांआड, आणि धुळ्यात तर पुष्कळदा त्याहूनही लांबणीवर, नळास पाणी येण्याची त्यांस सवय पडली आहे. नळ जेव्हा वाहता असतो तेव्हा आतील पाण्याचा दाब बाहेरची घाण आत येऊ देत नाही. तोच नळ रिकामा झाला की फुटक्या सांध्यातून, शेजारी वाहणाऱ्या गटाराचे पाणी तो स्वतःच आत ओढून घेतो. पुन्हा पाणी सुटते तेव्हा तो पहिला लोंढा बरोबर काय घेऊन येतो हे पहाटे नळावर उभ्या राहणाऱ्या कोणत्याही गृहिणीस विचारावे. शेवटच्या नळापर्यंत पोहोचलेल्या पाण्यात दर लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असे आपल्या देशाचे प्रमाण आहे. ते शिल्लक आहे की नाही हे पाहणे काही मिनिटांचे काम आहे. एका नळीत थोडे पाणी घ्यावे, त्यात औषधाचे दोन थेंब टाकावे आणि रंग पाहावा. इतकी सोपी परीक्षा आपण जेथे हजारो लोक उभ्याने खातात त्या जागी होताना किती वेळा पाहिली आहे, ह्याचे उत्तर वाचकांनी आपल्या मनाशी द्यावे.

खान्देशातीलच एका शहरात गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका पाणीपुरीच्या गाडीपाशी मुद्दाम दोन तास उभे राहिलो. गाडीवाला पन्नाशीचा, मितभाषी व कामाला चोख होता. घरून निघताना त्याने वीस लिटरांचे दोन डबे आणलेले होते. एक मडक्यासाठी, दुसरा बाकी सर्व गोष्टींसाठी. सायंकाळभरात दीडशेच्या आसपास गिऱ्हाईक होते असे तोच म्हणाला. म्हणजे बशा विसळणे, गाडी पुसणे, हात धुणे ह्या सर्वांसाठी माणशी पाणी पडले ते एका पेल्याहूनही कमी. नोटा घेतल्यावर तो हात कमरेच्या फडक्यास पुशी आणि तोच हात पुन्हा मडक्यात घाली. आम्ही त्यास भीत भीत म्हटले, ‘भाऊ, मधून मधून हात धुतले तर बरे नाही का?’ तो रागावला नाही. म्हणाला, ‘भाऊ, हात धुण्यात पाणी घालवलं, तर बशा कशात विसळू?’ मग त्याने गाडीच्या खणातून तारेस ओवलेला एक जुडगा काढून दाखविला. त्या नगरसंस्थेने त्याजकडून घेतलेल्या बाजार फीच्या त्या पावत्या होत्या. ‘एवढे कागद मिळाले,’ तो म्हणाला, ‘नळ काही मिळाला नाही.’

तो जुडगा पाहिल्यापासून हा विषय आमच्या मनातून गेला नाही. बसण्या-उभे राहण्याच्या जागेबद्दल विक्रेत्यापासून फी घ्यावी ही नगरसंस्थांची जुनी रीत आहे आणि ती वाजवी आहे. परंतु फी कशाची घेतली? केवळ रस्त्यावर उभे राहू दिल्याची? मग तो खंड झाला, आणि नगरसंस्था ही जमीनदार झाली. फी जर सोयीची असेल, तर ती सोय दाखवावी.

कायदा काय म्हणतो? कायद्याची उणीव आहे असे कोणी समजू नये. २००६ साली अन्नसुरक्षा व मानके अधिनियम झाला. त्याखालील २०११ च्या नियमावलीने हातगाडीवाल्यासही नोंदणी सांगितली आणि तिची फी वर्षाला अवघी १०० रुपये ठेविली. त्याने पिण्यायोग्य पाणीच वापरावे, भांडी व हात स्वच्छ ठेवावे, आजारी असता अन्नास हात लावू नये, कचऱ्यास झाकणाचे भांडे ठेवावे, असे त्या नियमांत आहे. २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधणे निषिद्ध ठरविले. त्याच वर्षी अखाद्य बर्फ निळा करावा असाही दंडक महाराष्ट्रात निघाला. हे सर्व योग्यच आहे. परंतु ह्या सर्व वाक्यांचा कर्ता कोण, हे व्याकरणदृष्ट्या पाहावे. ‘विक्रेत्याने करावे’, ‘विक्रेत्याने ठेवावे’, ‘विक्रेत्याने वापरू नये’. पिण्यायोग्य पाणी त्याने वापरावे हे खरे. ते त्यास भर रस्त्यात, सायंकाळी सहा वाजता, कोणी द्यावे, हे वाक्य त्या नियमांत आम्हांस आढळत नाही.

ते वाक्य दुसऱ्या एका कायद्याच्या जवळपास सापडते. २०१४ साली पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा अधिनियम झाला. त्यान्वये प्रत्येक शहरात विक्रेत्यांची पाहणी करून त्यांस प्रमाणपत्र द्यावयाचे, विक्रीची क्षेत्रे आखावयाची, आणि नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांमधून घ्यावयाचे. विक्रेत्याने जागा स्वच्छ ठेवावी, आणि त्या क्षेत्रात पुरविलेल्या नागरी सोयींच्या देखभालीबद्दल आकार द्यावा, असेही त्यात सांगितले आहे. ‘पुरविलेल्या सोयी’ हे शब्द वाचकांनी नीट पाहावे. सोयी पुरविल्या जातील हे कायदा गृहीत धरून चालला आहे. आमच्या शहरांनी त्यातला ‘आकार’ तेवढा उचलला आणि ‘सोयी’ छापील पुस्तकात राहू दिल्या.

येथे विरोधी पक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे. पहिला आक्षेप सज्जनांचा आहे: ‘मग खाऊच नये!’ उपदेश मोठा सोपा आहे, कारण तो करणाराच्या घरी स्वयंपाक तयार असतो. एस.टी.च्या फलाटावर सकाळपासून ताटकळलेला खेडूत, जळगावच्या डाळ गिरण्यांत पोती वाहणारा हमाल, चाळीसगाव-साक्रीकडून शिकावयास आलेला आणि भाड्याच्या खोलीत चूल नसलेला विद्यार्थी, ह्यांनी कोठे जेवावे? हातगाडी ही ह्यांची जिव्हेची चैन नव्हे. ते त्यांचे स्वयंपाकघर आहे. ज्या स्वयंपाकघरात रोज हजारो नागरिक जेवतात तेथे नळ नसणे ही खाजगी बाब कशी म्हणता येईल?

दुसरा आक्षेप अनुभवाचा: ‘आम्ही जन्मभर खाल्ले, आम्हांस काही झाले नाही.’ ज्यांस झाले, ते हा वाद घालावयास उरतातच असे नाही. धट्टाकट्टा मनुष्य दोन दिवस पोट धरून बसतो आणि विसरून जातो. तेच जंतू तीन वर्षांच्या मुलाच्या पोटात गेले म्हणजे काही तासांत त्याचे अंग कोरडे पडते, डोळे खोल जातात. कमळगावात रुग्णांमध्ये मुले अधिक होती, हे विसरू नये.

तिसरा आक्षेप उघडपणे कोणी लिहीत नाही. बोलतात मात्र पुष्कळजण. ‘ही परप्रांतीय माणसेच घाणेरडी’, किंवा ‘अमक्या जातीच्या, तमक्या धर्माच्या हातचे खाऊ नये’. २०११ साली ठाण्यात एका पाणीपुरीवाल्याचे किळसवाणे कृत्य चित्रित झाले व प्रसिद्ध झाले. त्या मनुष्याचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु त्यानंतर जो संताप उसळला तो त्या एका मनुष्यावर थांबला नाही. परप्रांतातून आलेल्या साऱ्या विक्रेत्यांवर वळला. दिवसाचे आठ-दहा तास रस्त्यावर उभ्या असणाऱ्या माणसाने मूत्रविसर्जन कोठे करावे, आणि गाडी चालविणारी स्त्री असेल तर तिने काय करावे, हा त्या प्रकरणात दडलेला प्रश्न होता. तो त्या आरडाओरडीत कोणास ऐकू आला नाही.

घाण मनुष्याच्या जातीत असते, पाण्यात नसते, ही समजूत आमच्या हाडीमासी किती खिळलेली आहे ह्याची साक्ष ह्या महाराष्ट्रातच आहे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी प्याले, तेव्हा तळे बाटले म्हणून पंचगव्याच्या १०८ घागरी त्यात ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. स्वच्छ हातांनी प्यालेले पाणी अशुद्ध, आणि शेण-गोमूत्र कालवलेले पाणी शुद्ध! आमच्या सोवळ्याने स्पर्शाचा हिशेब हजार वर्षे ठेविला, जंतूंचा एक दिवसही ठेविला नाही. आज तो विटाळ बोलण्यातून गेला असेल. परंतु गाडीवाल्याचे गाव व नाव आधी विचारावयाचे आणि पाण्याची परीक्षा मागून, ती देखील झाली तर, हा क्रम त्याच विटाळाचा धाकटा भाऊ आहे. जंतूस जात कळत नाही. तो सोवळ्याच्या हातावरही तितक्याच सुखाने राहतो.

चौथा आक्षेप अधिकाऱ्यांचा: ‘गाड्या समूळ उठवाव्या.’ रस्त्यावर व्यापार करणे हा, योग्य नियमनास अधीन राहून, नागरिकाच्या व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदान सिंग खटल्यात सांगितले आहे. तेव्हा हा मार्ग कायद्याने बंद आहे. व्यवहारानेही तो बंदच आहे. उठविलेली गाडी नाहीशी होत नाही, ती अधिक अंधाऱ्या, अधिक घाणेरड्या बोळात जाते. ज्यास आज आहोत तर उद्या नाही अशी धाकधूक, तो पक्की मोरी कशास बांधील आणि झाकणाची भांडी कशास घेईल? पथकाची गाडी दिसताच घेऊन पळता यावे, इतकेच सामान तो जवळ ठेवणार. अस्वच्छतेस अस्थिरतेइतके दुसरे खत नाही.

इतके म्हटल्यावर विक्रेत्यांसही दोन शब्द सुनावणे आमचे कर्तव्य आहे. नाही तर ही वकिली ठरेल. पाणी नाही ही सबब सर्व पापांवर पांघरूण घालू शकत नाही. चिरलेला कांदा झाकण्यास पाणी लागत नाही. पिकलेल्या बोटाने पुरी फोडू नये हे समजण्यास नळ लागत नाही. छापील शाईच्या कागदात गरम भजी बांधू नयेत, पैसे घेणारा हात व वाढणारा हात वेगळे ठेवावे, कालची चटणी आजच्या चटणीत मिसळू नये, मासे वा औषधे ठेवण्याचा बर्फ रसात टाकू नये, ह्यांपैकी एकाही गोष्टीस नगरसंस्थेची परवानगी नको. जो विक्रेता हे टाळतो त्याचा दंड अवश्य व्हावा. परंतु दंड करण्याचा नैतिक अधिकार त्या संस्थेस, जिने आपला वाटा आधी उचलला आहे.

दोष कोठे शोधावा ह्याविषयीचा एक जुना धडा ह्या ठिकाणी सांगण्यासारखा आहे. १८५४ साली लंडनच्या एका वस्तीत पटकीने शेकडो माणसे मेली. दुर्गंधीयुक्त हवेने व गरिबांच्या गलिच्छ राहणीने ती होते, असा त्या वेळच्या शहाण्यांचा सिद्धांत होता. जॉन स्नो नामक वैद्याने मेलेल्यांची घरे एकेक करून नकाशावर मांडिली, ती एका रस्त्यावरील पंपाभोवती दाटलेली दिसली. आणि त्याच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. पटकीच्या जंतूची ओळख कॉख ह्याने पटविली ती त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. म्हणजे जंतू डोळ्यांनी दिसण्याआधीही, प्रश्न योग्य जागी विचारल्यास उत्तर मिळते. स्नोने त्या वस्तीतील लोकांस स्वच्छतेवर व्याख्यान दिले नाही. ते पितात ते पाणी कोठून येते हे पाहिले.

आणि हे काम आवाक्याबाहेरचे आहे असे कोणी सांगू नये. सिंगापुरात १९७१ पासून १९८६ पर्यंत रस्त्यावरचे विक्रेते टप्प्याटप्प्याने बाजारगृहांत नेऊन बसविण्यात आले. तेथे त्यांस नळ, मोरी, वीज मिळाली. ज्या विक्रेत्यांस एके काळी शहरावरचा डाग समजत असत, त्यांचीच खाद्यपरंपरा २०२० साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेली. ते परदेश, तेथील राज्यव्यवस्था वेगळी, असे म्हणणाराने आपल्या शेजारच्या अहमदाबादेस जावे. कांकरिया तलावाकाठच्या गाड्यांचा समूह २०१८ साली, सोयी व शिकवण देऊन, देशातील पहिले स्वच्छ पथखाद्य केंद्र म्हणून प्रमाणित झाला. जळगावास मेहरूणचा तलाव आहे, धुळ्यास पांझरेचा काठ आहे. न्यून आहे ते इच्छेचे.

म्हणून आमच्या मागण्या चारच आहेत, आणि त्या मुद्दाम लहान ठेविल्या आहेत. जेथे दहा गाड्या नेमाने उभ्या राहतात तेथे, त्या उभ्या राहण्याच्या वेळात, क्लोरीनयुक्त पाण्याचा एक नळ आणि सांडपाण्याची एक झाकलेली मोरी असावी. नळास रोज पाणी येत नसेल तर तेवढ्यापुरती टाकी बसवावी. पन्नास पावलांच्या आत स्त्रिया व पुरुष दोघांसही वापरता येईल असे शौचालय व तेथे साबण असावा. त्या नळाच्या पाण्याची परीक्षा रोज व्हावी आणि तिचा निकाल तेथेच एका फळ्यावर खडूने लिहिला जावा, म्हणजे खाणाऱ्यास तो वाचता येईल. आणि विक्रेत्यांकडून घेतलेल्या फीचा जमाखर्च नगर पथविक्रेता समितीपुढे वर्षातून एकदा मांडला जावा. खेड्याच्या आठवडे बाजारासही हेच सूत्र लागू आहे. गावच्या विहिरीत वा टाकीत औषध टाकणारा जलसुरक्षक ग्रामपंचायतीजवळ असतोच. त्याने बाजाराच्या दिवशी पाणीपुरीवाल्याच्या मडक्यापर्यंत चार पावले अधिक चालावे. पथके काढण्यास जो पैसा व जो उत्साह लागतो, तो ह्या चार गोष्टींकडे वळविला तर पथकांचे निम्मे काम आपोआप संपेल.

शेवटी दोन शब्द आपल्यासारख्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांसाठी. खान्देशच्या चवीवर अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. बामणोदच्या वांग्याचे भरीत, शेवभाजीचा तिखट रस्सा, खापरावरचे मांडे ह्यांची वर्णने वाचून तोंडास पाणी सुटते, आणि त्या लेखांत कोठे तरी, रस्त्याकडेच्या एखाद्या गाडीवर खाल्लेल्या घासाची हळवी आठवण असतेच. ती आठवण खरी आहे, आमच्याजवळही आहे. परंतु त्या घासाचे इतके वर्णन केल्यावर, तो घास भरविणारा हात कोठे धुतला गेला असेल, हा विचार एकाही पानावर येऊ नये, ही वाङ्मयाची रसिकता की वाङ्मयाचा आळस? संस्कृती म्हणून जिचा गौरव करावयाचा तिला पाण्याचा नळ मात्र द्यावयाचा नाही, हा गौरव पावतीच्या जुडग्याहून अधिक मोलाचा नाही.

पुढील मृगास पथक निघेल तेव्हा छायाचित्रकारही बरोबर असतीलच. त्या वेळी रस्त्यावर उभ्या असलेल्या एखाद्या वाचकाने पुढे होऊन पथकाच्या प्रमुखास इतकेच विचारावे: ‘साहेब, ह्या गाडीपासून सर्वांत जवळचा नळ कोठे आहे?’ उत्तर मिळेपर्यंत त्याने तेथून हलू नये.